६० मीटरचा डेको प्लॅन कसा करायचा (आधी गॅस, मग बाकीचं)

स्कूबा डायव्हिंगमध्ये डेको म्हणजे खोलवरून वर येताना मधे मधे थांबत (हेच स्टॉप) अंगात विरघळलेला गॅस हळूहळू बाहेर पडू देणं. त्याचं प्लॅनिंग म्हटलं की सगळे आधी लॅपटॉप उघडतात. खोली टाकली, मिनिटं टाकली, स्टॉपची यादी आली, झाला प्लॅन. मी पण पहिल्यांदा असंच केलेलं, ६० मीटर २० मिनिटं, मस्त प्रिंट काढून इन्स्ट्रक्टरसमोर ठेवली. त्याने यादीकडे बघितलंच नाही, एवढंच विचारलं की तुझा बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, खाली गॅस संपून तुझ्याकडे आला तर दोघं वर येताय का? मी गप्प. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात ना, तसं इथे आधी गॅस.

एक सांगून ठेवतो, हे ज्यांचा ट्रायमिक्सचा (ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियमच्या मिश्रणाचा) कोर्स चालू आहे किंवा झालाय त्यांच्यासाठी आहे. तारकर्लीला दोनदा डुबकी मारलीये म्हणून हे वाचून कोणी उतरू नका प्लीज.

उदाहरण इजिप्तच्या दहाबमधल्या ब्लू होलचं घेऊ. तिथली कमान, जिला सगळे आर्च म्हणतात, तिचं छत साधारण ५५ मीटरवर आहे आणि त्या बोगद्यातून बाहेरच्या समुद्रात निघता येतं. एका सिलेंडरवर, साध्या हवेवर तिथे गेलेले आणि परत न आलेले इतके आहेत की किनाऱ्यावरच्या कड्याला त्यांच्या नावाच्या पाट्या लावल्यात. किट चढवताना त्या समोरच दिसतात.

तर गॅस. ६० मीटरला प्रेशर ७ बार. तळासाठी १८/४५ घेऊ, म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम. ऑक्सिजनचं प्रेशर ०.१८ गुणिले ७ म्हणजे १.२६, मर्यादा १.४ ची, ठीक. खोलवर गॅसमुळे डोक्यात चढणारी नशा २८-२९ मीटरवर हवा घेतल्यासारखी. आणि एक गोष्ट लोक बघतच नाहीत ती म्हणजे गॅसची डेन्सिटी. हवा तिथे लिटरला ९ ग्रॅमच्या आसपास जाते, श्वास ओढायलाच जोर लागतो आणि अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो. १८/४५ साधारण ५.६ ला येतं. शिफारस ५.२ ची आहे आणि ६.२ च्या वर जाऊच नका म्हणतात, म्हणजे आपण मधे आहोत. हेलियम महाग आहे मान्य, पण इथे काटकसर नको.

आता राखीव गॅस. दोघं घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर धरा, एकूण ६०. तळाशी गडबड निस्तरायला २ मिनिटं, ६० गुणिले २ गुणिले ७, झाले ८४०. मग २१ मीटरपर्यंत, जिथे सोबत नेलेला पुढचा गॅस घेता येतो, मधले छोटे स्टॉप धरून ८ मिनिटं, सरासरी ५ बार, झाले २४००. एकूण ३२४०. १२-१२ लिटरचे जुळे सिलेंडर असतील तर भागिले २४ म्हणजे १३५ बार, आपण १४० धरू. म्हणजे गेज १४० ला आलं की डाइव्ह संपली, मग समोर कितीही भारी काही दिसत असू दे.

२२० बारने सुरुवात केली तर वापरायला उरले ८० बार, १९२० लिटर. शांत असताना मी मिनिटाला २० लिटर ओढतो. उतरायला ३ मिनिटं, सरासरी ४ बार, त्यात २४० गेले, उरलेले १६८० मिनिटाला १४० ने, १२ मिनिटं. एकूण १५. माझ्या प्रिंटवरची २० मिनिटं त्या सिलेंडरमध्ये बसतच नव्हती! प्लॅनर तक्रार करत नाही, त्याला तुमचे सिलेंडर केवढे ते आपण सांगितलेलंच नसतं.

आता उघडा लॅपटॉप. ६० मीटर, १५ मिनिटं, २१ वर ५० टक्के नायट्रॉक्स (निम्मा ऑक्सिजन, निम्मा नायट्रोजन), ६ वर शुद्ध ऑक्सिजन. मॉडेल बहुतेक ब्यूलमनचं झेडएचएल-१६सी असतं, शरीराचे १६ कप्पे धरून केलेलं गणित, आणि ग्रेडियंट फॅक्टर, म्हणजे मॉडेलच्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं ते दोन आकडे, आपण टाकायचे. पहिला आकडा लहान तर स्टॉप खोलवर सुरू होतात, दुसरा लहान तर वर जास्त वेळ थांबावं लागतं. पूर्वी २०/८० सारखे आकडे घालून खोल थांबायची फॅशन होती. मग अमेरिकन नेव्हीने २०११ मध्ये प्रयोग छापला, थांबायचा एकूण वेळ तोच ठेवून खोल स्टॉपवाल्या १९८ डाइव्हमध्ये ११ जणांना बेंड्स (अंगात गॅसचे बुडबुडे होऊन होणारा त्रास), उथळवाल्या १९२ मध्ये ३. कारण खोल थांबलात की हळू भरणारे कप्पे अजून भरतच असतात. मी ४०/७५ वापरतो. तुमचं वय, वजन, थंडी बघून तुमचं ठरवा, पण दोन्ही कॉम्प्युटरवर आणि बडीच्या हातावर तेच आकडे असू देत, नाहीतर ६ मीटरवर हातवारे करून भांडण होतं.

यादी एक नाही, चार काढायच्या. ठरल्याप्रमाणे, ३ मीटर खोल आणि ५ मिनिटं जास्त झालं तर, ५० टक्क्यांचा सिलेंडर गेला तर, ऑक्सिजन गेला तर. सगळ्या स्लेटवर पेन्सिलीने. ऑक्सिजनसाठी २० मिनिटं गुणिले २० लिटर गुणिले १.६ म्हणजे ६४०, त्याच्या दीडपट न्या.

गॅस बदलताना घाई नको. तोंडात चुकून २१ वर शुद्ध ऑक्सिजन गेला तर प्रेशर ३.१ होतं, मर्यादा १.६, झटका येतो आणि माणूस बुडतो. म्हणून प्रत्येक सिलेंडरवर खोलीचा आकडा हातभर मोठा, गॅस सकाळी स्वतः ॲनालाइज केलेला, आणि बदलताना मी होज धरून सिलेंडरपर्यंत हात नेतो, बडी आकडा वाचून मान डोलावतो, मगच तोंडात.

ब्लू होलमध्ये एक सोय आहे, सॅडल, म्हणजे आत यायची उथळ खिंड, ६-७ मीटरवरच आहे, सगळ्यात लांब स्टॉप तिथे प्रवाळ बघत निघतो. फक्त हिवाळ्यात पाणी २१-२२ डिग्री असतं आणि नुसतं लटकून हुडहुडी भरते. तळाशी ऊब आणि डेकोला गारठा हे कॉम्बिनेशन वाईट, बेंड्सचा धोका वाढतो, म्हणून जाड सूट. आणि घरी यायचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर निदान २४ तासांनी, मी पूर्ण एक दिवस मोकळा ठेवतो आणि नुसता चहा पीत बसतो.