आईस हॉकीतील सर्वोत्तम सहाजण: वाद घालताना या चुका टाळा

आईस हॉकीच्या इतिहासातील सर्वोत्तम सहा खेळाडू निवडायला बसले की पहिली चूक लगेच होते, कारण आपण क्रिकेटच्या अकराजणांचा हिशेब बर्फावर लावतो. येथे गोलरक्षक वगळता सुरुवातीचे पाचजण जेमतेम पाऊण मिनिट खेळून बाकावर परततात आणि त्यांच्या जागी दुसरे पाच, खेळ न थांबता, कठडा ओलांडून आत येतात. शिवाय एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये, पाहुण्या संघाला सुरुवातीची नावे आधी द्यावी लागतात. ती पाहून यजमान प्रशिक्षक आपली गोल करणारी फळी राखून ठेवू शकतो. तेव्हा सामना कोणी सुरू केला हा प्रश्न फारसा कामाचा नाही. कोणते पाचजण एकत्र खेळले, हे विचारावे.

दुसरी चूक म्हणजे नुसती मोठी नावे जोडणे. कॅनडाचे वेन ग्रेट्झ्की आणि मारिओ लेमियू दोघेही सेंटर, म्हणजे आघाडीच्या मधल्या जागेवरचे, आणि पाचांत ती जागा एकच. तरीही १९८७ च्या कॅनडा कप या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते एकत्र खेळले, आणि निर्णायक सामन्यात १ मिनिट २६ सेकंद उरले असताना ग्रेट्झ्कीच्या पासवर लेमियूने गोल करून सोव्हिएत संघाला ६-५ असे हरवले, हा दाखला हमखास पुढे येतो. तो गोल नीट पाहावा. बचावपटू लॅरी मर्फी गोलकडे धावत जातो, पास त्यालाच मिळणार असे वाटून प्रतिस्पर्धी त्याच्याकडे ओढला जातो आणि मागून येणाऱ्या लेमियूला मोकळी जागा मिळते. आपल्या याद्यांत या मर्फीला कुणी जागा देत नाही.

याच कारणाने माझे मत फेतिसोव्ह, कासातोनोव्ह, क्रुतोव्ह, लारिओनोव्ह आणि माकारोव्ह या सोव्हिएत पाचजणांना आहे. एकाच क्लबमध्ये आणि राष्ट्रीय संघातही वर्षानुवर्षे एकत्र खेळल्यामुळे कोण कोठे असेल हे त्यांना न पाहता कळत असे. मात्र त्यांच्यामागे डोळे झाकून सोव्हिएत गोलरक्षक त्रेत्याकला उभे करू नये. तो १९८४ मध्ये निवृत्त झाला. १९८७ च्या त्या सामन्यात गोलरक्षक मिल्निकोव्ह होता. यादीवर नावांबरोबर वर्षही लिहिले की असे घोळ आपोआप उघडे पडतात.

आकड्यांची तुलनाही वर्ष पाहूनच करावी. एनएचएलमधील एडमंटन संघाने १९८३-८४ मध्ये ४४६ गोल केले, हा विक्रमच. पण त्या दशकाच्या सुरुवातीस एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठच्या आसपास गोल होत, तर २००३-०४ मध्ये पाचाच्या किंचित वर. याउलट पन्नाशीच्या दशकातील मॉन्ट्रियल संघाचे मोठेपण नियमपुस्तकात दिसते: शिक्षा झालेला खेळाडू पूर्ण दोन मिनिटे बाहेर असे आणि तेवढ्यात मॉन्ट्रियल दोन-तीन गोल करी, म्हणून १९५६-५७ पासून एक गोल होताच त्याला परत येऊ देण्यात आले.

उत्तर अमेरिकेबाहेरची शैली एनएचएलमध्ये टिकली नसती, असे कोणी म्हटल्यास डेट्रॉईट संघाचे उदाहरण द्यावे. त्याचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी १९९५ पासून पाच रशियन एकत्र खेळवले आणि १९९७ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला. त्या पाचांत फेतिसोव्ह आणि लारिओनोव्ह होते, तेही वयाच्या पस्तिशीपलीकडे.