फॉरमॅट बदलल्यावर रेडिओ केंद्राचे रेटिंग वाचताना या चुका टाळा

गाण्यांचे केंद्र चर्चेचे झाले किंवा जुनी गाणी काढून नवी आणली, म्हणजे केंद्राचा फॉरमॅट बदलला, की श्रोत्यांच्या मोजणीचा पहिला अहवाल येताच सगळ्यांची नजर शेअरवर जाते आणि तिथेच निकाल लागतो. सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होते. शेअर म्हणजे शहरात ऐकल्या गेलेल्या एकूण रेडिओतला आपला वाटा. तो घसरला तर माणसे गेली, की आहेत तीच कमी वेळ थांबली, हे त्यावरून कळत नाही. माणसे गेली असतील तर केंद्राची स्वतःची जाहिरात वाढवावी लागते. थांबत नसतील तर गाण्यांचा क्रम आणि ब्रेकची लांबी तपासावी लागते.

म्हणून आधी श्रवणवेळ, म्हणजे एक श्रोता आठवड्यात सरासरी किती वेळ ऐकतो, ते काढा. सकाळी ६ ते मध्यरात्र असा पूर्ण आठवडा धरला तर १२६ तास, म्हणजे ५०४ पाव तास होतात. कोणत्याही पाव तासाला सरासरी किती जण ऐकतात, त्या आकड्याला ५०४ ने गुणा आणि आठवड्यात एकदा तरी ऐकणाऱ्या एकूण श्रोत्यांनी भागा. समजा, आधी सरासरी १,००० आणि एकूण श्रोते ४०,००० होते: उत्तर १२.६ पाव तास, म्हणजे ३ तास ९ मिनिटे. बदलानंतर सरासरी ९०० आणि एकूण ३०,००० झाले: १५.१२ पाव तास, जवळपास ३ तास ४७ मिनिटे. सरासरी १० टक्क्यांनी उतरली, पण राहिलेला श्रोता जास्त वेळ थांबतो आहे. अशा वेळी घाबरून गाण्यांची यादी पुन्हा बदलली तर जमलेला श्रोताही जातो.

दुसरी चूक नमुन्याची. ६०० जणांच्या नमुन्यात २ टक्के शेअरला साधारण १.१ अंकाची फरकसीमा असते, म्हणजे खरा आकडा तेवढा वर किंवा खाली असू शकतो, तीही साध्या सूत्राने. प्रत्यक्षात ती याहून मोठी असते, कारण बरेचसे ऐकणे थोड्याच लोकांकडून होते. २.० चे २.८ झाले तर लगेच पेढे वाटू नका. सलग तीन-चार अहवालांची सरासरी घ्या आणि हंगामासाठी मागच्या वर्षीच्या त्याच काळाशी ताडून पाहा. अमेरिकेत डिसेंबरभर नाताळगीते लावणाऱ्या केंद्रांचा शेअर उसळतो आणि जानेवारीत खाली येतो. फॉरमॅट तेव्हाच बदलला असेल तर या उसळीचे श्रेय त्याला द्यायचे नाही.

अहवालाचा कालावधीही वाचा. ब्रिटनमध्ये रेडिओचे श्रोते मोजणाऱ्या राजार (RAJAR) या संस्थेच्या मोजणीत लहान केंद्रांचे आकडे सहा किंवा बारा महिन्यांवर आधारलेले असतात. बदलाला तीनच महिने झाले असतील तर बारा महिन्यांच्या आकड्यात तीन चतुर्थांश जुनेच केंद्र बोलत असते.

आकडा अचानक कोसळला तर श्रोत्यांना दोष देण्याआधी नोंद कुठे हरवते आहे ते शोधा. डायरी पद्धतीत, म्हणजे काय ऐकले ते लोक स्वतः लिहून ठेवतात तिथे, ते सवयीने जुने नाव लिहितात. म्हणून नवे नाव, घोषवाक्य आणि फ्रिक्वेन्सी मोजणी संस्थेकडे बदलाच्या आधीच नोंदवा, जुने नावही काही काळ नोंदीत राहू द्या आणि निवेदकाला दर ब्रेकमध्ये नवे नाव घ्यायला सांगा. मीटर पद्धतीत श्रोत्याजवळच्या यंत्राला, म्हणजे मीटरला, प्रसारणात लपवलेला केंद्राच्या ओळखीचा ध्वनिकोड (वॉटरमार्क) ऐकू जावा लागतो. भरगच्च संगीतात तो सहज लपतो. बोलण्यातल्या विरामांत आणि हळुवार वाद्यसंगीतात त्याला आडोसा कमी मिळतो, त्यामुळे तो क्षीण होतो. संगीतावरून चर्चेकडे वळणाऱ्या केंद्राने पहिल्याच दिवशी एन्कोडर (हा कोड प्रसारणात घालणारे यंत्र) चालू आहे का आणि मॉनिटरवर कोड सलग दिसतो का, हे पाहावे. फ्रिक्वेन्सीची अदलाबदल केली असेल तर कोणता कोड कुठून जातो आहे, तेही.

पहिल्या आठवड्यांत जाहिराती न लावता अखंड गाणी वाजवली असतील तर तो काळ तुलनेतून वगळा. जाहिराती परतल्यावर श्रवणवेळ हमखास उतरते.

शेवटी सकाळी ६ ते १० चा आकडा वेगळा काढा. संगीत बदलले पण सकाळचा निवेदक जुनाच ठेवला, तर बिघाड बहुधा तिथेच सापडतो.