गावच्या तमाशाच्या पटांगणाचा इतिहास कसा नोंदवावा

सुरुवात म्हाताऱ्या माणसांपासून करा. कागद कपाटात थांबतात, माणसं थांबत नाहीत. ढोलकीवाला, सोंगाड्या, कनात बांधणारा, चहावाला, सगळे गाठा. एका बैठकीला तासभर पुरे. पंखा बंद ठेवा, नाहीतर त्याच्या घरघरीत शब्द बुडतात. फोन विमान मोडवर, तोंडापासून वीतभर अंतरावर. ‘कोणत्या साली?’ विचारलं की अंदाजे आकडा मिळतो. त्यापेक्षा ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, की यात्रेला?’ असं विचारा. प्रत्येक सालाला दुसऱ्या माणसाचा दुजोरा घ्या.

जाहिरातीच्या पत्रकावर ‘पूर्व खानदेश’ छापलं असेल तर ते 1906 नंतरचं, कारण खानदेशाचे दोन जिल्हे त्या साली झाले. फाटक्या पत्रकाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. डिंक कागद खातो. 600 डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूही. हिशेब तिथेच खरडलेला असतो: बिदागी, बैलगाडीचं भाडं, गॅसबत्तीचं रॉकेल.

जुनी कॅसेट लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, टेप चिकटलेली असते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी घालणारे नियम 2000 चे. रात्रभराचे खेळ त्यानंतर कसे बदलले, हे आवर्जून विचारा.