खानदेशात कॉटेज स्टाइलचं घर सजवताय? या चुका टाळा

गेल्या वर्षभरात ज्या घरांचा सल्ला द्यायला मी गेले, त्यातल्या निम्म्या घरांत एकच दृश्य होतं. पांढऱ्याशुभ्र भिंती, लेसचे पडदे, गुलाबांच्या उशा, आणि खोलीत दहा मिनिटं बसवत नाही. डोळे दिपतात, जीव गुदमरतो, पडद्यांवर बोट फिरवलं तर धूळ. गाव कधी जळगाव, कधी अमळनेर, कधी शिरपूर. चुका मात्र त्याच त्या. लोकांचे पैसे जातात, हौस विरते आणि बोल लागतो कॉटेज स्टाइलला. ते मला सहन होत नाही, कारण ही सजावट आपल्या भागाला फार छान शोभते.

ही पद्धत इंग्लंडच्या खेड्यांतल्या लहान घरांवरून आली. तिथं जाड भिंती, छोट्या खिडक्या, बुटकी लाकडी छतं आणि बाहेर वर्षातले कितीतरी दिवस ढगाळ आभाळ. उजेड कमी म्हणून भिंतींना चुना, थंडी म्हणून अंथरुणा-पांघरुणांची रेलचेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दारातून झळा आत येतात. त्यामुळे फोटोतली खोली जशीच्या तशी उचलून इथं चालत नाही. पण आपलं धाब्याचं घर आठवून बघा. हातभर रुंदीच्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, कोनाडे, ओसरी, वर पांढऱ्या मातीचं धाबं. ते त्याच कुळातलं घर आहे. ज्यांच्याकडे असं घर अजून उभं आहे त्यांना अर्धी सजावट वारशात मिळालेली असते, आणि नेमकी तीच माणसं ती आधी झाकून टाकतात.

जुन्या भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट

सगळ्यात जास्त मला हीच चूक खुपते. मातीची किंवा चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागावरून हवेत सोडून देते. जुन्या बांधकामात जोत्याशी ओल अडवणारा थर नसतो. भिंतीचं हे उच्छ्वास सोडणं हीच तिथली सोय. त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंटचा पापुद्रा चढवला की ओल आत कोंडते. पाण्याबरोबर आलेले क्षार पेंटच्या मागे साठतात आणि तोच थर ढकलून देतात.

एरंडोलकडचं एक घर मी विसरू शकत नाही. मुलगा पुण्यात नोकरीला, मे महिन्यात त्याचं लग्न. आजोबांची बैठकीची खोली त्याला कॉटेज स्टाइलमध्ये हवी होती आणि हाताशी तीन आठवडे. मी चुना सुचवला. गावातल्या म्हाताऱ्या मिस्तरींनी तर भिंतीवर हात ठेवून सांगितलं, "ह्या भितले पुट्टी नही चालस, भो." पण चुन्याचं पांढरं कपड्यांना लागेल, फोटोत हात सारखा दिसणार नाही, अशी मुलाची तक्रार. मी पुरेसं ठाम बोलले नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पुट्टीचे दोन हात झाले, वर पांढरा पेंट, आणि खालच्या तीन फुटांना प्लायवूडच्या उभ्या पट्ट्या. लग्नात लोक खोली बघायला मुद्दाम आत येत होते.

जुलैच्या शेवटी त्या घरातल्या काकूंचा फोन आला. "ताई, भिंत फुगली." मी गेले तर पट्ट्यांच्या वर वीतभर उंचीपर्यंत पापडासारखे फुगे. एक फुगा बोटानं दाबला, तर रंगाचं साल हातात आलं आणि आतून पांढरा बारीक भुगा गळाला. जिभेला लावला तर खारट. लोणा लागला होता. मग एक पट्टी उचकटली. मागे उधईनं मातीच्या नळ्या चढवल्या होत्या, पार खांबाच्या बुडापर्यंत. खांब जुन्या पक्क्या सागाचा होता म्हणून वाचला, प्लायवूडचा भुसा झाला होता. पुट्टी खरवडायला आठ दिवस लागले, आणि मग दिवाळीपर्यंत भिंत तशीच उघडी ठेवली, वाळायला. काकू रोज त्या खोलीचं दार ओढून घ्यायच्या, कोणाला दिसू नये म्हणून. लावायला जेवढा खर्च आला त्याहून जास्त काढायला गेला.

म्हणून आधी भिंत ओळखा. कोपऱ्यात चाकूनं थोडं खरवडून बघा. माती किंवा चुना निघाला, तर डागडुजी एक भाग चुना आणि तीन भाग वाळूनंच करा, सिमेंटचा हात लावू नका, आणि वरही चुनाच द्या. सिमेंट-विटांचं नवं घर असेल तर पेंट खुशाल लावा. फक्त मॅट घ्या. चकचकीत भिंतीवर कॉटेजचा मऊपणा येतच नाही.

चुना लावताना उतावीळपणा

चुना ऐकून जे तयार होतात, त्यातले बरेच पुढे घाईनं सगळं घालवतात. बाजारातली पुडी पाण्यात कालवली आणि दुपारी ब्रश मारला, असं ते काम नाही.

मी चुन्याची कळी आणते, म्हणजे न विझवलेल्या चुन्याचे खडे. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. कळीवर वरून पाणी कधीच ओतायचं नाही. ते उसळतं आणि डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे घालायचे, पोरांना लांब ठेवायचं. पाणी स्वतःहून खदखदायला लागतं. निवल्यावर वर चार बोटं पाणी राहील असं बघून निदान आठवडाभर मुरू द्यायचं. मग मांजरपाटातून गाळून ताकाइतकं पातळ करायचं आणि गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक घालायचा.

पहिला हात मारला की चुना दिसतच नाही. भिंत नुसती ओली वाटते. इथंच नवशिके घाबरतात आणि दह्यासारखा घट्ट चुना फासतात. महिन्याभरात त्याचे पोपडे पडतात. थांबा. तो वाळता वाळता पांढरा होत जातो, आणि सकाळी उठून बघितलं की भिंत वेगळीच दिसते. पातळ हात, तीन वेळा, प्रत्येकानंतर एक दिवस.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा घट्ट होतो, आणि त्याला ओल लागते. म्हणून आधी भिंत पाण्यानं भिजवून घ्यायची, आणि एप्रिल-मेच्या दुपारी हे काम काढायचंच नाही. तापलेल्या भिंतीवर चुना जागच्या जागी सुकतो आणि त्याची पूड होते. "चुना अंगाला लागतो" ही तक्रार बहुतेक वेळा या सुकण्याची असते. माझी वेळ ठरलेली आहे: पाऊस संपला, भिंतींची ओल उतरली, की दसऱ्याच्या आसपास, सकाळी.

आणि नीळ टाकू नका. पांढरं उठून दिसावं म्हणून आपल्याकडे सवयीनं टाकतात, पण त्यानं भिंत निळसर, थंड दिसते. त्याऐवजी थोडी पिवडी, म्हणजे रंगाची पिवळी माती, घाला. साईच्या रंगाची भिंत होते.

दवाखान्यासारखा पांढरा

खिडकीतून पश्चिमेचं ऊन थेट शुभ्र भिंतीवर पडलं की खोलीत डोळे मिटावेसे वाटतात. साईचा, कच्च्या केळ्याच्या गराचा, वाळूचा रंग निवडा. दुकानातल्या बोटभर कार्डावरून ठरवू नका. मी हातभर चौकोन दोन वेगवेगळ्या भिंतींवर लावून बघते, सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री दिवा लावून. पिवडी किंवा गेरू घातलेला चुना वाळल्यावर बराच फिका होतो, तेव्हा ओल्या रंगावर मत देऊ नका.

एवढं सगळं नीट करून लोक ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची, ट्यूब लावतात आणि रात्री खोली दवाखाना दिसते. खोक्यावर आकडा लिहिलेला असतो. २७०० ते ३००० मधला बल्ब घ्या आणि छतावरच्या एका दिव्याऐवजी कोनाड्यात, पलंगाजवळ असे दोन-तीन लहान दिवे ठेवा.

लाकडाशी केलेला अन्याय

सातपुड्याच्या सागाची घडवंची, मांडणी, देव्हारा यांना पांढरा ऑइलपेंट फासून वर पॉलिश पेपरनं कडा घासायच्या आणि त्याला जुनं रूप म्हणायचं, हे मला बघवत नाही. ते लाकूड आधीच जुनं आहे. ज्या कडेवर साठ वर्षं हंडे टेकले ती कड आपोआप गोल झालेली असते. तिला खोटं झिजवायची गरज काय? साग आहे तसाच ठेवा. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, मग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

रंगवायचंच असेल तर बाभळीची खुर्ची, जुनं स्टूल, देवदारी खोक्याचं कपाट असं घ्या. तिथंही जुन्या पॉलिशवर थेट रंग बसत नाही, नखानं निघतो. आधी १२० नंबरचा पेपर, मग प्रायमर, तो वाळल्यावर २२० चा हलका हात, आणि मग रंगाचे दोन पातळ थर. एका दिवसात होणारं हे काम नाही. एका दिवसात करून देतो म्हणणाऱ्याला मी काम देत नाही.

थोडक्यात सांगण्यासारखं

प्लास्टिकच्या वेली आणि गुलाब आणू नका; आठ दिवसांत त्यांच्यावर धूळ बसते आणि ती धुतली जात नाही.

शहाबादी फरशी उजळवायला ॲसिड वापरू नका. ती चुनखडीची फरशी आहे, ॲसिड तिला खातं आणि पृष्ठभाग कायमचा खरबरीत होतो.

"होम" लिहिलेल्या पाट्या लावू नका.

कोनाड्यात एकच वस्तू ठेवा.

कापड

आपण कपाशीच्या मुलखात राहतो आणि घरात पॉलिस्टरचे फुलाफुलांचे पडदे लावतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. कॉटेजची ती फुलाफुलांची छपाई, जिला इंग्रजीत चिंट्झ म्हणतात, ती आपली चीट. भारतातून गेलेल्या छापील सुती कापडाची तिथं एवढी ओढ होती, की तिथल्या विणकरांना वाचवण्यासाठी ब्रिटिश संसदेनं १७२१ साली ते वापरण्यावर बंदीचा कायदा केला, आणि तो १७७४ मध्ये उठला. आपलं बऱ्हाणपूर, फारुकी सुलतानांच्या जुन्या खानदेशची राजधानी, त्या काळी तलम सुती कापडासाठी नावाजलेलं होतं. मग गुलाबाचं पॉलिस्टर कशाला? बारीक फुलांचं सुती चीट घ्या, आणि खोलीत एकच फुलांचं कापड ठेवा. बाकी साधी पट्टी किंवा सपाट रंग. पडदा, सोफा, उशी, टेबलक्लॉथ सगळीकडे गुलाब फुलले की नजरेला टेकायला जागा राहत नाही.

शिवायच्या आधी कापड धुऊन घ्या. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. न धुता शिवलेला सोफ्याचा अभ्रा पुन्हा चढत नाही. अगदी पांढरे अभ्रे नकोतच. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यात पांढरं कापड राठ आणि पिवळट होतं. ब्लीच न केलेल्या मांजरपाटाचा मूळचा रंग धूळही सोसतो आणि दिसतोही शांत. नुसत्या लेसनं उन्हाळा निघत नाही. बाहेरून वाळ्याचा पडदा किंवा बांबूच्या काड्यांची चिक, आतून मलमल, असं दुहेरी करा.

आणि घरात आजीच्या लुगड्यांची गोधडी असेल तर विकतच्या छापील पॅचवर्कला हात लावू नका. गोधडी हातानं धुवा, सावलीत वाळवा, घडी करून पलंगाच्या पायथ्याशी ठेवा. टाके उसवले असतील तर त्याच जाडीच्या दोऱ्यानं घाला, मशीनखाली नेऊ नका.

भिंतीला खेटून वेल

दारावर वेल हवीच, त्याशिवाय कॉटेजचं रूप पुरं होत नाही. पण काळ्या मातीच्या गावात ती जोत्याला खेटून लावली तर रोजचं पाणी पायाशी मुरतं. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते, आणि तिच्याबरोबर भिंतही हलते. दोन घरांत मी याच कारणानं खिडकीखाली तिरपी भेग पाहिली आहे. वेल भिंतीपासून चार-पाच फूट दूर लावा आणि मांडवावरून किंवा तारेवरून ओसरीपर्यंत आणा.

फोटोतला चढता गुलाब इथल्या मे महिन्यात हाल काढतो. मधुमालती लावा, किंवा जाई. पहिल्या उन्हाळ्यात पानं झडून नुसत्या काड्या उरल्या तरी उपटू नका. बुडाशी केळीची वाळलेली पानं जाडसर पसरा, संध्याकाळी पाणी घाला. पहिला पाऊस पडला की त्याच काड्यांना डोळे फुटतात.