नवीन रिलोडिंग डाय वापरायच्या आधी साफ करून घ्या, नीट

रिलोडिंग म्हणजे बंदुकीची वापरलेली काडतुसं पुन्हा भरणं, आणि डाय म्हणजे त्यासाठी प्रेसवर बसवायचे धातूचे साचे. नवीन डाय सेट हातात घेतला की बोटांना तेलकट चिकट लागतं, आणि बऱ्याच जणांना वाटतं की हेच ल्यूब, म्हणजे वंगण, चला चढवा प्रेसवर. तसं नाहीये. तो थर गंज लागू नये म्हणून फॅक्टरीत दिलेला असतो आणि त्यात धातूचे बारीक कण अडकलेले असू शकतात. साइझिंग डाय केसला, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याला, दाबून परत मापात आणते. असा एखादा कण तिच्या आतल्या भिंतीला चिकटून बसला की पुढच्या प्रत्येक केसवर त्याच जागी उभा ओरखडा.

आधी टेबलावरून पावडर (बंदुकीची दारू), प्रायमर (ती पेटवणारी छोटी टोपी) सगळं लांब न्या. खिडकी उघडा, ग्लोव्ह्ज घाला, आसपास आग नको. मग डाय पूर्ण खोला, म्हणजे डीकॅपिंग रॉड (जुना प्रायमर बाहेर ढकलणारा दांडा), एक्सपांडर (केसची मान आतून मापात रुंदावणारा भाग), सीटिंग स्टेम (गोळी केसमध्ये दाबणारा दांडा) सगळं बाहेर. कुठला पार्ट कुठे होता त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. धातूचे पार्ट मिनरल स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायला वापरतात ते सॉल्व्हंट) थोडा वेळ बुडवा, नायलॉन ब्रशने घासा, आणि आतून कापडाची पट्टी फिरवत राहा, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत. लॉक रिंगमध्ये रबरी ओ-रिंग असेल तर ती बाजूला काढा, सॉल्व्हंटने फुगते. आतून सँडपेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात नको, फिनिश खराब झालं की परत येत नाही. साइझिंग डायच्या बाजूला छोटं भोक असतं ना, हवा जायला, ते मोकळं आहे ना हे नक्की बघा.

पूर्ण वाळलं की बाहेरच्या आट्यांना आणि लॉक रिंगला बोटाने पुसट तेल लावा, बस. आतून कोरडंच ठेवायचं. सीटिंग डायमध्ये, म्हणजे केसमध्ये गोळी बसवणाऱ्या डायमध्ये, तर तेलाचा थेंबही नको, कारण तिच्यात पावडर-प्रायमर भरलेली केस जाते आणि तेल लागलं तर दोन्ही बिघडू शकतात.

साइझिंगचं वंगण डायला नाही, केसला लावायचं असतं. कार्बाइड (खूप कठीण, गुळगुळीत पदार्थ) रिंगवाल्या पिस्तुल डायमध्ये सरळ केस बहुतेक वेळा कोरडीच चालते, पण स्टीलच्या डायला ल्यूब लागतंच, आणि निमुळत्या मानेच्या रायफल केसला तर डाय कार्बाइडची असली तरी लागतं. केसच्या अंगाला साइझिंग वॅक्सचा पातळ हात फिरवा, मानेच्या आत किंचित, म्हणजे एक्सपांडर ओढताना मान ताणली जाणार नाही. शोल्डरवर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, मात्र जास्त नको, तिथे साचलेलं ल्यूब दाबलं जात नाही आणि पितळच आत दबून खळगा पडतो. घरातलं साधं पातळ तेल इथे वापरू नका, त्या दाबाला ते टिकत नाही, केस डायमध्ये अडकते, आणि अडकलेली केस काढायची म्हणजे ड्रिल करून आटे पाडा, बोल्टने ओढा, एवढा उद्योग.

नवीन साफ केलेल्या डायमध्ये पहिल्या दोन-तीन केसना वॅक्स जरा सढळ हाताने लावा आणि हँडल हळू खाली आणा. अर्ध्यात जड लागलं तर जोर करू नका, केस मागे घ्या, पुन्हा ल्यूब लावा. काम झाल्यावर डाय ठेवून देताना आत-बाहेर गंजरोधक तेलाचा पातळ हात द्या, आणि पुढच्या वेळी वापरायच्या आधी आतलं ते पुसून काढा.