कृत्रिम लिगामेंटच्या पकडीची ताकद मोजताना या चुका टाळा

गुडघ्यातील अग्र क्रुसिएट लिगामेंट (मांडीचे हाड आणि नडगी यांना जोडणारा मजबूत पट्टा) तुटल्यावर त्याच्या जागी पॉलिएस्टरच्या तंतूंचे कृत्रिम लिगामेंट बसवले, तर तंतूंची ताकद कमी पडण्याचा प्रश्न सुरुवातीला सहसा येत नाही. कमकुवत जागा असते ती लिगामेंट हाडाला जिथे धरलेले असते तिथे. रुग्णाच्या स्वतःच्या कंडरेचा तुकडा (ग्राफ्ट) वापरल्यास काही महिन्यांत तो हाडात पाडलेल्या बोगद्यात रुजतो आणि स्क्रूवरचा भार हळूहळू हलका होतो. कृत्रिम तंतूंमध्ये ऊतक शिरले तरी त्या रुजण्यावर तितका भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे स्क्रू, स्टेपल किंवा कॉर्टिकल बटण (हाडाच्या बाहेरच्या पृष्ठावर टेकून फाशाने लिगामेंट धरणारी छोटी पट्टी) यांनी पहिल्या दिवशी दिलेली पकड पुढेही टिकावी लागते. चाचणीची आखणी करताना हा फरक विसरला, तर मोजलेला आकडा बरोबर असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

केवळ कमाल भारावर विसंबणे

ही सर्वांत जास्त आढळणारी आणि माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे. नमुना यंत्रात धरायचा, तुटेपर्यंत एकदाच ओढायचा आणि आलेल्या न्यूटनच्या आकड्यावरून पद्धतींची क्रमवारी लावायची, हा मार्ग सोपा असला तरी गुडघा असा एकदाच ओढला जात नाही. रोजच्या हालचालींत या लिगामेंटवर येणारा भार सुमारे ४५० न्यूटनपर्यंत असावा असा अंदाज पूर्वीपासून वापरात आहे, आणि तो पुनःपुन्हा येतो. म्हणून आधी ५० ते २५० न्यूटनसारख्या मर्यादेत किमान हजार चक्रांचा भार द्यावा, त्या काळात लिगामेंट किती सरकले ते नोंदवावे आणि त्यानंतरच नमुना तुटेपर्यंत ओढावा. समजा, एक पकड ९०० न्यूटनला सुटली पण तोवर ५ मिलिमीटर सरकली, आणि दुसरी ७०० न्यूटनला सुटली पण जेमतेम १ मिलिमीटर सरकली, तर दुसरीच अधिक विश्वासार्ह मानावी लागेल. कारण तपासणीत दोन्ही गुडघ्यांच्या सैलपणात ३ मिलिमीटरहून अधिक फरक आढळला तरी तो दखल घेण्याजोगा समजला जातो.

सरकण्याचा आलेख वाचतानाही गफलत होते. पहिल्या काही चक्रांत विस्थापन झपाट्याने वाढून नंतर स्थिरावले, तर बहुधा गाठ आवळली गेली असते किंवा तंतू आपापल्या जागी बसले असतात; पूर्वताण देऊन चाचणी पुन्हा घेतली की ही वाढ बरीच कमी होते. विस्थापन प्रत्येक चक्रागणिक वाढतच राहिले, तर पकड खरोखर सुटत आहे किंवा तंतूंचे पॉलिएस्टर स्वतः लांबत आहे. या दोहोंचा निवाडा करायचा असेल, तर लिगामेंटवर आणि हाडावर खुणा करून त्यांच्यातील अंतर कॅमेऱ्याने मोजावे. यंत्राच्या दांड्याच्या विस्थापनात पकडसाधनांची घसरण आणि यंत्राची लवचिकता मिसळलेली असते, म्हणून त्या एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नये.

ताठरतेचा हिशेब न करणे

लिगामेंट आणि त्याची पकड या एकामागोमाग जोडलेल्या स्प्रिंगांसारख्या वागतात. लिगामेंटची ताठरता (एक मिलिमीटर लांबवायला लागणारा भार) दर मिलिमीटरला ४०० न्यूटन आणि पकडीची १०० न्यूटन असेल, तर संपूर्ण रचनेची ताठरता फक्त ८० न्यूटन भरते. अशा स्थितीत आणखी ताठर लिगामेंट निवडून फारसे काही साधत नाही. लांब फासा असलेले बटण वापरले असेल, तर सुधारणेची सुरुवात तिथून करावी.

हाडाची निवड

डुकराचे हाड सहज मिळते आणि नमुन्यांत सारखेपणा राहतो, परंतु ते तरुण माणसाच्या नडगीच्या हाडापेक्षा घट्ट असल्यामुळे इंटरफिअरन्स स्क्रूची (बोगद्यात लिगामेंटशेजारी पिळून त्याला हाडावर दाबून धरणाऱ्या स्क्रूची) ताकद जास्त आणि सरकणे कमी दिसते. उलट वृद्ध दात्यांची हाडे घेतली की पकड दुबळी दिसते. नैसर्गिक लिगामेंटवरील १९९१ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात २२ ते ३५ वर्षे वयोगटात सरासरी कमाल भार २,१६० न्यूटन, तर ६० ते ९७ वर्षे वयोगटात ६५८ न्यूटन आढळला होता. वयाचा परिणाम एवढा मोठा असेल, तर हाडाची घनता न मोजता दोन अभ्यासांची तुलना करणे योग्य नाही. एकाच बोगद्यात स्क्रू काढून दुसरा बसवणेही टाळावे, कारण पहिल्या स्क्रूने आतले हाड आधीच चिरडलेले असते.

नमुना कसा निकामी झाला हे न पाहणे

स्क्रू जागेवर राहून लिगामेंट अखंड बाहेर सरकले, तर बोगद्याच्या मानाने स्क्रू बारीक होता किंवा हाड मऊ होते, असे समजावे. लिगामेंटसह स्क्रूही निघून आला, तर हाडातले आटे तुटले आहेत. स्क्रूजवळ तंतू कापलेले दिसले, तर धारदार आट्यांचा संशय घ्यावा आणि बोथट आट्यांचा स्क्रू वापरून पाहावा. स्क्रू बोगद्याच्या अक्षापासून तिरका गेला की पकड घटते, त्यामुळे प्रत्येक नमुन्याचा कोन एक्स-रेवर तपासावा आणि स्क्रू पिळताना लागलेला जोर (टॉर्क) ही नोंदवून ठेवावा.

फक्त बोगद्याच्या रेषेत ओढणे

पकडीच्या दृष्टीने ही सर्वांत कठीण दिशा मानली जाते, म्हणून ती वापरण्यात गैर काही नाही. मात्र कृत्रिम तंतूंना बोगद्याच्या तोंडाशी वाकावे आणि कडेवर घासावे लागते, आणि ही झीज सरळ ओढण्यात दिसतच नाही. १९८० च्या दशकातील अनेक कृत्रिम लिगामेंटांत झिजलेल्या तंतूंच्या कणांमुळे सांध्याच्या आवरणाला दाह झाला होता. त्यामुळे काही नमुने गुडघ्याच्या प्रत्यक्ष कोनात, ओल्या स्थितीत आणि शरीराच्या तापमानाला, बोगद्याची कड एकदा धारदार ठेवून आणि एकदा घासून गोल करून तपासावेत. दोन्ही गटांत शिल्लक राहिलेली ताकद वेगवेगळी मांडावी.