ड्रिफ्टवुडमुळे टँकचं पाणी चहासारखं झालंय? मग हे करा

माशांच्या टँकमध्ये नवीन ड्रिफ्टवुड (सजावटीचं वाळलेलं लाकूड) टाकलं की दोन-चार दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं दिसायला लागतं आणि मग घाबरून बरेच जण सगळं पाणी उपसून टाकतात, फिल्टरही घासूनपुसून लख्ख करतात. तेवढं मात्र करू नका. लाकडातून टॅनिन आणि ह्युमिक आम्लं झिरपतात, हा रंग त्यांचा, आणि माशांना त्याने काही होत नाही. अमेझॉन खोऱ्यातल्या रिओ निग्रो नदीचं पाणी असंच गडद आहे आणि कार्डिनल टेट्रा तिथलाच मासा. टेट्रा, बेट्टा, डिस्कस पाळत असाल तर मी तर म्हणेन राहू द्या तो रंग.

आधी एकदा खात्री करून घ्या. पांढऱ्या कपात टँकचं पाणी घेऊन बघा, पारदर्शक पण पिवळट-तपकिरी असेल तर टॅनिन. दुधाळ, गढूळ असेल तर तो बॅक्टेरियांचा प्रकार, हिरवं असेल तर शेवाळ, त्यांचे उपाय वेगळे.

काळजी फक्त pH ची, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी होतंय याची. पाण्याचा KH (pH स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेट क्षारांचं प्रमाण) बरा असेल तर pH फारसा हलत नाही, पण पाणी अगदी मऊ (कमी क्षारांचं) असेल तर हळूहळू खाली येऊ शकतो, त्यामुळे गप्पी, मॉली असे कठीण (जास्त क्षारांच्या) पाण्यातले मासे असतील तर अधूनमधून टेस्ट करत रहा.

रंग नकोच असेल तर मूळ लाकडात आहे, तिथेच हात घाला. लाकूड बाहेर काढा, कडक ब्रशने घासा (साबण अजिबात नको), आणि स्वयंपाकात न वापरायच्या मोठ्या पातेल्यात तासभर उकळा. पहिलं पाणी पार काळपट निघतं, ते फेकायचं, नवीन घ्यायचं, पुन्हा उकळायचं, आणि पाण्यातून पातेल्याचा तळ स्पष्ट दिसायला लागेपर्यंत हेच चालू ठेवायचं. उकळल्याने लाकूड पाणी पिऊन लवकर बुडतंही, पण उगाच तासन्‌तास उकळत बसू नका, लाकूड मऊ पडून लवकर कुजतं. पातेल्यात मावतच नसेल तर बादलीत किंवा टबात बुडवून ठेवा आणि रोज पाणी बदला, मोठ्या लाकडाला यात काही आठवडे सहज जातात. टँकमध्ये परत टाकायच्या आधी पूर्ण थंड होऊ द्या.

एवढं करूनही थोडा रंग येत राहतोच. दर आठवड्याला २५-३०% पाणी बदललं की तो फिका होत जातो. स्पंज किंवा कापूस वाढवून काही फायदा नाही कारण हा रंग पाण्यात विरघळलेला असतो, तो त्यात अडकतच नाही, त्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन (रंग शोषून घेणारा खास कोळसा) लागतो. जाळीच्या पिशवीत भरून काळी धूळ जाईपर्यंत धुवायचा आणि फिल्टरमध्ये स्पंजच्या पुढे ठेवायचा म्हणजे पाणी आधी गाळून मग कार्बनमधून जाईल. साधारण ३-४ आठवड्यांत त्याची ताकद संपते, तेव्हा बदला. माशांना औषध देताना मात्र काढून ठेवा, नाहीतर औषधच तो शोषून घेईल. सीकेम कंपनीचं प्युरिजेन (कार्बनसारखंच फिल्टरमध्ये ठेवायचे, रंग शोषणारे मणी) जास्त चांगलं चालतं असं माझं मत, महाग आहे पण त्याचे पांढरे मणी तपकिरी झाले की ब्लीचमध्ये रिचार्ज करून परत वापरता येतात, फक्त पाकिटावरची पद्धत तंतोतंत पाळा आणि नंतर क्लोरीन काढायला विसरू नका.

नवीन लाकडावर पांढरा बुळबुळीत थर आला तर तो वेगळा विषय, टॅनिन नाही, तो बुरशी-बॅक्टेरियांचा असतो आणि आपोआप जातो, टँकमध्ये कोळंबी असेल तर ती आवडीने खाते.

पुढचं लाकूड घेताना एवढं बघा की मोपानी जड असतं, लगेच बुडतं पण रंग भरपूर सोडतं, स्पायडरवुड त्यामानाने कमी सोडतं पण सुरुवातीला तरंगत बसतं, त्याला दगड बांधावा लागतो.